वेळासची कासवं, नैसर्गिक उजेड आणि ताडोब्याची सवय लागलेले आपण

विभाग: छायाचित्रण › वन्यजीव

फुटाळ्याचा_काठ (धागाकर्ता)
शुक्रवार, रात्री ९:१२

मंडळी, पाडव्याला जोडून सुट्टी टाकली आहे आणि घरच्यांना घेऊन वेळासला जाऊन राहिलो. मंडणगड तालुका, रत्नागिरी जिल्हा. नागपूरहून समृद्धीने मुंबईपर्यंत, पुढे कोकणात. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते पाहायचं आहे, आणि पाहायचं म्हणजे काढायचंही आहेच.

सामान: क्रॉप सेन्सरची बॉडी, १८-५५, ७०-३०० आणि ५० एफ १.८ या लेन्स. आजवर जे काढलं ते ताडोबा, पेंच, नाही तर गोरेवाड्याचे पक्षी. जनावर मोठं, ऊन भरपूर आणि आपण जिप्सीत उंचावर बसलेले. इथे सगळंच उलटं दिसून राहिलं. पिल्लू बोटाएवढं, उजेड पहाटेचा नाही तर सांजेचा, आणि फ्लॅश-टॉर्च काहीच चालत नाही म्हणतात.

सकाळचं सोडणं काढू की संध्याकाळचं? घरचे सोबत असल्याने दोन्ही वेळा जमेलच असं नाही. आणि मोठी लेन्स भाड्याने घेऊ का?

तर्रीवाला
शुक्रवार, रात्री ९:३५

मोठी लेन्स काहून पाहिजे बे? तो वाघ थोडीच आहे! ७०-३०० बस झाली. आणि फ्लॅशचं म्हणशील तर रात्री नको, हे समजतं. दिवसाउजेडी हलकासा फ्लॅश मारला, नाही तर लहान एलईडी पॅनल धरलं, तर पिल्लाचं काय बिघडते? लग्नात नवरी काळवंडली की आम्ही तेच करतो. काळं पिल्लू, ओली रेती, फ्लॅशशिवाय नुसता काळा ठिपका येईल.

माहेर_दापोली
शुक्रवार, रात्री १०:०४

तर्रीवालाभाऊ, पॅनल घरीच ठेवा.

माझं माहेर दापोली तालुक्यात, सासर धरमपेठेत. त्यामुळे लहानपणी जे पाहिलं ते सांगते. अंड्यातून निघालेलं पिल्लू समुद्र शोधतं ते क्षितिजाजवळचा सगळ्यात उजळ भाग बघून. उघड्या समुद्रावर आभाळाचा उजेड असतो आणि मागे झाडी काळी असते, म्हणून ते बरोबर पाण्याकडे जातं. झुंजुमुंजू असताना तुम्ही एका बाजूला पांढरा दिवा धरलात की तोच त्याचा समुद्र. मग ते वळतं, भटकतं, दमतं. पोटात उरलेल्या बलकावर त्याला किनाऱ्यापासून लांब पोहून जायचं असतं. ती शिदोरी वाळूतच संपवायची का?

सूर्य वर आल्यावर फ्लॅशने तितकं बिघडत नाही, हे मान्य. पण दोरीमागे दीडशे माणसं उभी असताना कासवमित्रांनी, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावातल्या पोरांनी, कुणाचा फ्लॅश निरुपद्रवी आणि कुणाचा नाही हे कसं ठरवायचं? म्हणून सरसकट बंद. मला तरी ते बरोबर वाटतं.

बाकी या गावांनी काय मिळवलंय ते जाण्याआधी माहीत असलेलं बरं. पूर्वी घरटं सापडलं की अंडी खाल्ली जायची, विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासपासून संरक्षणाचं काम सुरू केलं, पुढे वनखातं आणि त्याचा कांदळवन कक्ष आला. आता पहाटे किनारा चालून माग काढायचा, अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तितक्याच खोल, म्हणजे दीडेक फूट खड्ड्यात ठेवायची, वर टोपली पालथी घालायची, हे गावातलीच पोरं करतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. टोपली उचलली की किती निघतील ते कुणीच सांगू शकत नाही. कधी शंभराच्या वर, कधी एकही नाही. जाण्याआधी तिथे फोन करून घरटी किती दिवसांची झालीत ते विचारा. पाडव्याची सुट्टी आहे म्हणून पिल्लं निघत नाहीत.

तर्रीवाला
शुक्रवार, रात्री १०:११

हाव ताई, ठेवलं पॅनल घरी. 🙏 पण काळा ठिपका राहिलाच.

आयएसओ_सोळाशे
शुक्रवार, रात्री ११:२०

काळ्या ठिपक्याचं नंतर बघू. आधी दिशा समजून घ्या, कारण धागाकर्त्याचा खरा प्रश्न तोच आहे.

कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य सह्याद्रीच्या बाजूने, म्हणजे तुमच्या पाठीमागून उगवतो आणि समोर समुद्रात मावळतो. त्यामुळे सकाळचं आणि संध्याकाळचं सोडणं दिसायला सारखं असलं तरी फोटोसाठी ती दोन वेगळी ठिकाणं समजा.

आता घड्याळ. आपण नागपूरकर इथे हमखास फसतो. वेळास आपल्यापेक्षा सुमारे सहा रेखांश पश्चिमेला आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथे सूर्य जवळपास चोवीस मिनिटं उशिरा उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. मार्चच्या विशीत नागपुरात सूर्योदय ६:२० च्या आसपास, वेळासला ६:४० च्या पुढे. सूर्यास्त इथे ६:२५, तिथे ६:५० च्या सुमारास.

पिल्लं साधारण सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला सोडतात. सातला सूर्य उगवून जेमतेम वीस मिनिटं झालेली असतात आणि तो डोंगर अन् सुरूच्या बनामागे असतो. किनाऱ्यावर ऊन नसतं. सगळीकडे नुसता आभाळाचा पसरलेला, मऊ, थोडा निळसर उजेड. सावली नाही, चमक नाही. पिल्लाची कातडी, पाठीवरच्या कडा, नाकाचं टोक, डोळा, सगळं तपशिलात दिसतं. ज्याला पिल्लू ‘दाखवायचं’ आहे त्याने सकाळ घ्यावी.

संध्याकाळी सहाला सूर्य अजून पन्नास मिनिटं वर असतो, म्हणजे क्षितिजापासून बारा अंशांच्या आसपास. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण दहा अंशांची असते. सूर्य मुठीहून थोडा वर दिसेल. पिल्लू सूर्याकडेच चाललेलं असतं, आणि तुम्ही त्याच्या मागे किंवा बाजूला. उजेड समोरून येतो. ओल्या वाळूत आभाळ उतरतं, वल्ह्यांच्या, म्हणजे पोहायच्या चपट्या पायांच्या, कडांना सोनेरी रेघ येते, पिल्लाच्या मागे लांब सावली पडते. तपशील जातो, चित्र मिळतं. एकच वेळ निवडायची तर मी डोळे मिटून संध्याकाळ घेईन. मला कासवाच्या पाठीवरचे खवले मोजायचे नाहीत.

गुरुजी_निवृत्त
शनिवार, सकाळी ६:५०

सोळाशेसाहेबांशी मी निम्माच सहमत. सकाळचा उजेड कमी लेखू नका. आम्ही ६४ आयएसओच्या स्लाइड फिल्मवर काढायचो तेव्हा असा पसरलेला उजेड मिळाला की देव पावला असं वाटायचं. उन्हात स्लाइड काळ्याची पार काळी आणि पांढऱ्याची पार पांढरी करून टाकायची. आज सेन्सर सांभाळून घेतो म्हणून तुम्हाला संध्याकाळची चैन परवडते.

शिवाय सकाळी एक गोष्ट मिळते जी संध्याकाळी मिळत नाही. मादीचा माग. ती रात्री येऊन अंडी घालून गेली असेल तर पहाटे वाळूवर दोन-अडीच फूट रुंद पट्टा उमटलेला असतो, पाण्यातून वर आणि परत पाण्यात. ऑलिव्ह रिडले चालताना वल्ही आलटून पालटून टाकते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांसमोर येत नाहीत, पुढेमागे पडतात. सूर्य झाडांवर आला की पहिलं ऊन अगदी आडवं येतं आणि त्या मागाची प्रत्येक कड उठून दिसते. दहा-पंधरा मिनिटांत ऊन वर चढलं की तोच पट्टा सपाट होतो. पर्यटक तोवर पिल्लं बघून चहाला निघून गेलेले असतात. तुम्ही थांबा. फक्त त्यावरून चालू नका, कासवमित्र त्याच मागावरून घरटं शोधतात.

मादीचाच फोटो हवा असा हट्ट मात्र धरू नका. ती काळोखात येते. उजेड न नेता तिला काढायचं म्हणजे चांदणं हवं आणि कित्येक सेकंदांचं एक्स्पोजर हवं. शिवाय किनाऱ्यावर चढणारी मादी माणसाची चाहूल लागली तर अंडी न घालताच परत फिरते. तिचा माग हाच तिचा फोटो, असं मी मानतो.

मोबाइल_जिंदाबाद
शनिवार, सकाळी ९:१५

तुमच्या त्या बॉडी-लेन्समध्ये आम्हा गरिबांनाही घ्या. माझ्याकडे फक्त फोन आहे. जमेल का?

आयएसओ_सोळाशे
शनिवार, सकाळी १०:०२

फोनवाल्यांची सकाळी पंचाईत, संध्याकाळी मजा.

फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली जाईल आणि वाळूपासून दोन बोटांवर येईल. पिल्लाच्या डोळ्याच्या उंचीवर आलात की अर्धं काम झालं. नाइट मोड बंद करा. तो तीन-चार फोटो जोडून एक बनवतो आणि पिल्लू तोवर पुढे सरकलेलं असतं, पायांचा नुसता धूर येतो. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. संध्याकाळी समोरचा सूर्य असताना हे नाही केलं तर फोन आभाळ पांढरंफटक करून ठेवतो. टेलिफोटोवर फार विसंबू नका. उजेड कमी झाला की पुष्कळ फोन गुपचूप मुख्य लेन्सवर येतात आणि तेच चित्र कापून मोठं करून दाखवतात.

आणि फ्लॅश ‘ऑटो’वर नाही, ‘बंद’ वर. दरवेळी कुणीतरी ऑटोवर ठेवतोच.

तर्रीवाला
शनिवार, सकाळी ११:३०

काळा ठिपका, सर. काळा ठिपका.

आयएसओ_सोळाशे
शनिवार, दुपारी १२:१०

😄 घ्या.

पिल्लू काळपट राखाडी, चार-पाच सेंटीमीटरचं. आजूबाजूला ओली वाळू, तिच्यात आभाळ चमकतंय. कॅमेऱ्याचा मीटर अख्खी चौकट बघतो, चमक बघून घाबरतो आणि सगळंच अंधारं करतो. म्हणून सकाळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिक ०.७ ते अधिक १. वाळू थोडी उजळ होईल, होऊ द्या, फक्त पार पांढरी होत नाही ना तेवढं हिस्टोग्राममध्ये पाहा. संध्याकाळी आधी ठरवा: छायाकृती हवी असेल तर वजा १, पिल्लाच्या अंगाचा रंग हवा असेल तर अधिक १. मधलं काही करू नका, मधलं कुणाचंच नसतं.

सूर्योदयानंतर, पण ऊन किनाऱ्यावर यायच्या आधी, एफ ५.६, १/२५०, आयएसओ १६०० इथून सुरुवात करा. ढगाळ असेल तर ३२००. पिल्लू हळू चालतं असं वाटतं, पण वल्ही झपाझप मारतं. १/२५० ला शरीर स्थिर आणि वल्ही किंचित हललेली येतात, ते मला आवडतं. सगळंच गोठलेलं हवं असेल तर १/५०० वर जा आणि आयएसओ दुप्पट करा.

व्हाइट बॅलन्स सकाळी ६००० ते ६५०० केल्व्हिनला ठेवा, नाही तर वाळू निळी दिसते. रॉ काढा म्हणजे नंतर भांडण नको. पोलरायझर काढून ठेवा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि वर ओल्या वाळूतली चमकही पुसतो. संध्याकाळी त्या चमकेसाठीच तर आपण गेलेलो असतो.

आता लेन्स. तीन मीटरवरून ३०० मिमी लावलं तर क्रॉप सेन्सरवर चौकट साधारण एकवीस सेंटीमीटर रुंद. पिल्लू तिचा पाचवा हिस्सा भरतं, म्हणजे भाड्याची लेन्स नकोच. पण एफ ५.६ ला फोकसची खोली जेमतेम दोन सेंटीमीटर. डोळा घेतला तर शेपटी गेली. म्हणून एकच फोकस बिंदू, सलग फोकस, बिंदू डोक्यावर. शक्यतो बाजूने काढा, म्हणजे अख्खं पिल्लू एकाच पातळीत येतं. १०० मॅक्रो कुणी सुचवेल तर ऐकू नका. दोरी ओलांडायचा मोह होतो.

हो, मेन्यूत जाऊन ऑटोफोकसचा मदतीचा दिवा बंद करा. फ्लॅश बंद केला की तोही बंद झाला असं लोक समजतात. अंधुक उजेडात तो नारिंगी किंवा हिरवा दिवा थेट पिल्लाच्या तोंडावर पडतो.

फुटाळ्याचा_काठ
शनिवार, दुपारी १:४५

जबरदस्त. लेन्सचे पैसे वाचले. पण पोटावर झोपायचं म्हणजे... माझं पोट पाहिलं नाही कुणी.

तर्रीवाला
शनिवार, दुपारी १:५०

जिप्सीत नेतो ती बीन बॅग घेऊन जा. रेतीवर ठेव, वर लेन्स ठेव, फिरणाऱ्या पडद्यात पाहा. झोपायचं काम नाही. मांडी घालून बसला तरी चालते.

पूर्वकिनारा
शनिवार, संध्याकाळी ७:२५

एक वेगळा मुद्दा. नागपूरकर वेळासच का धरून बसतात? आपण मधोमध आहोत. पूर्वेला ओडिशात ऋषिकुल्या आहे, गंजाम जिल्हा, ब्रह्मपूरजवळ. पुरीकडच्या गाड्यांपैकी काही ब्रह्मपूरवरून जातात.

तिथे कोकणासारखी एकेक मादी येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही रात्री हजारो, लाखो माद्या एकदम किनाऱ्यावर येतात, त्याला अरिबादा म्हणतात. ओडिशातल्याच गहिरमाथ्याचं सामूहिक घरटं १९७४ साली, ऋषिकुल्याचं १९९४ साली अभ्यासकांच्या नजरेला आलं. गर्दी इतकी की काही माद्या उजाडल्यावरही वाळू उपसत असतात. म्हणजे तिथे मोठी मादी नैसर्गिक उजेडात, कुठलाही दिवा न नेता मिळू शकते. आणि सूर्य समुद्रातून उगवतो! सोळाशे सरांची जी संध्याकाळ आहे ती तिथे पहाटे मिळते.

पण दोन गोष्टी आधीच सांगतो. अरिबादा कोणत्या रात्री होईल, होईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. काही वर्षं झालेलाच नाही. आणि वनखातं त्या काळात किनाऱ्याचा भाग बंद करतं. गहिरमाथा तर अभयारण्य आहे, शेजारी क्षेपणास्त्र चाचणीचं बेट, तिकडे सहज जाता येत नाही. सुट्टी मोजून घेतलेल्या माणसाने वेळासच बरं.

मादीच्या डोळ्यांतून पाणी येताना दिसतं. त्याला ‘आईचे अश्रू’ म्हणून मथळा देऊ नका. डोळ्यांजवळच्या ग्रंथी शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकतात, समुद्रात असतानाही.

माहेर_दापोली
शनिवार, रात्री ८:३०

पूर्व आणि पश्चिम इतकी वेगळी नाहीत हो. ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. तोवर दोन किनाऱ्यांची कासवं आपापल्या बाजूलाच राहतात असा समज होता. आणि २०२२ मध्ये आमच्याकडच्या पाच माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावले, त्यातली पहिली वेळासची, नाव प्रथमा.

आता कामाचं. तुम्ही मंडळी उजेडावर इतकं बोललात, पण भरती-ओहोटीचं कुणी काढलंच नाही. नागपूरला समुद्र नाही, समजू शकते. 😊

आमच्याकडे हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. ओहोटी त्याच्या सहाएक तासांनी. हा अदमास आहे, नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक बघा, पण बेत आखायला पुरतो.

फोटोवाल्यांना याचा उपयोग मोठा आहे. पाडवा म्हणजे प्रतिपदा. पाऊण वाजता भरती, पावणेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. म्हणजे सकाळी सोडण्याच्या वेळी आणि संध्याकाळी सूर्य मावळताना पाणी सगळ्यात मागे असणार. अमावस्येच्या आसपासची ओहोटी खोल असते, त्यामुळे लांबच लांब ओली, सपाट, आरशासारखी वाळू. पिल्लांना चालायला जास्त वेळ लागतो आणि तुम्हाला काढायला जास्त वेळ मिळतो. हाच बेत रामनवमीला केला असता तर नवमीला पावणेसातला भरती. पाणी थेट वर, चार पावलं चाललं की लाट घेऊन गेली, संपलं.

आयएसओ_सोळाशे
शनिवार, रात्री ८:४१

ताई, दंडवत. इतकी वर्षं मी ॲप उघडून बघतोय.

फुटाळ्याचा_काठ
शनिवार, रात्री ८:५५

मी पाडव्याची सुट्टी श्रीखंडासाठी धरली होती, ओहोटीसाठी नाही. नशीब!

तर आता संध्याकाळ नक्की. सकाळी घरच्यांना झोपू देऊन एकटा जाईन.

गुरुजी_निवृत्त
रविवार, सकाळी ७:०५

संध्याकाळी जात आहात तर एक सांगतो, कुणी बोललं नाही म्हणून. सगळे कॅमेरे समुद्राकडे असतात. तुम्ही एकदा मागे वळा. दोरीमागची माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी असतात आणि मावळतीचं अख्खं ऊन त्यांच्या चेहऱ्यांवर पडलेलं असतं. बापाच्या खांद्यावरची पोरं, पदर डोळ्यांवर धरलेल्या आज्या, टोपली रिकामी करून बाजूला झालेला कासवमित्र. पन्नास एफ १.८ तुमच्या बॅगेत आहेच, ती याच कामाची. पिल्लांचे फोटो सगळ्यांचे एकसारखे येतात, हे मात्र तुमच्याच घरच्यांचे येतील.

लोकांचे चेहरे टाकताना विचारून टाका, एवढं सांगायला नको.

मोबाइल_जिंदाबाद
रविवार, सकाळी १०:२०

पिल्लू हातावर घेऊन एक फोटो काढू देतात का? भाचीला फार हौस आहे.

माहेर_दापोली
रविवार, सकाळी १०:३३

नाही. सगळी समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच यादीत. हाताळायचं काम फक्त नेमलेल्या माणसांचं. आणि त्याला वाळूवरून स्वतःच चालू द्यायचं असतं, उचलून पाण्यात टाकायचं नसतं. भाचीला पुढे बसवा, मुलांना दोरीजवळ जागा देतात लोक. तिच्या चप्पलच्या खड्ड्यात पिल्लू अडकतं, हेही सांगून ठेवा. मोठ्यांच्या पावलांचे खड्डे तर त्याला विहिरीएवढे.

तर्रीवाला
रविवार, सकाळी ११:०२

त्या पावलांनी फोटोची पण वाट लागते. समोर पन्नास बुटांचे ठसे, मधात एक पिल्लू. लवकर जाऊन दोरीच्या अगदी टोकाला जागा पकडा, मधात नाही. टोकाला ठसे कमी आणि बाजूने कोन मिळते.

फुटाळ्याचा_काठ
रविवार, दुपारी ४:४०

कॅमेऱ्याचं काय? आपल्या कोरड्या हवेत वाढलेला आहे तो. खारट वाऱ्याने बिघडला तर घरी जाब द्यावा लागेल.

आयएसओ_सोळाशे
रविवार, संध्याकाळी ५:१५

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, एवढं पाळलं तरी निभतं. संध्याकाळी ७०-३०० लावूनच जा. गुरुजींची ५० हवीच असेल तर दुसरी बॉडी उधार घ्या, नाही तर चेहऱ्यांसाठी ७० मिमीही चालतं. एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. म्हणून किनाऱ्यावर पोचायच्या अर्धा तास आधी बॅग गाडीच्या एसीतून बाहेर, चेन बंद ठेवूनच. परत आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग किंचित ओल्या कापडाने मीठ पुसा. उलट केलं तर वाळूने काच घासली जाते. आणि समृद्धीवर मार्चच्या दुपारी थांबलात तर बॅग डिक्कीत ठेवून जेवायला जाऊ नका.

जायच्या आधी सराव करा. कन्हानच्या काठाला नाही तर सरळ गच्चीवर. शेजारी कुणाचं बांधकाम चालू असेलच, परातभर रेती आणा, भिजवा, थापटून सपाट करा. पिल्लाच्या जागी देशी बदामाचं वाळकं फळ ठेवा. तेच माप, तोच काळपट रंग. सूर्य झाडांमागे गेल्यावर आणि मावळतीच्या उन्हात, दोन्ही वेळा काढा. अधिक-वजाचा सगळा घोळ इथेच मिटेल. फुटाळ्यावर सूर्यास्त पाण्यात मिळतो, तिथे गेलात तर समोरच्या उजेडाचा अंदाजही येईल.

पूर्वकिनारा
रविवार, संध्याकाळी ५:५०

अंबाझरीला दगडावर ऊन खात बसलेलं गोड्या पाण्याचं कासव दिसलं तर तेही काढा. ते मात्र भर उन्हात मिळतं आणि चाहूल लागताच पाण्यात उडी टाकतं. तिथे ३०० सुद्धा कमी पडेल.

मोबाइल_जिंदाबाद
रविवार, संध्याकाळी ६:१०

सराव सगळ्यांनी मिळून करू या का? मी येतो, भाचीलाही आणतो.

प्रशासक
रविवार, संध्याकाळी ६:४५

भेटीची सूचना वरती डकवली आहे: पुढचा शनिवार, संध्याकाळी पाच, फुटाळा. तिथून कुणी कासव पकडून आणायचं नाही, हे लिहून ठेवतो कारण मागे एका धाग्यात असा प्रश्न खरंच आला होता. रेती कोण आणतंय?

तर्रीवाला
रविवार, संध्याकाळी ६:४९

रेती माझ्याकडे, घराचं काम चालू आहे. परात नाही, घमेलंच आणतो. बदामं कुणीतरी बघा.

माहेर_दापोली
रविवार, संध्याकाळी ७:०२

आमच्या गल्लीत झाड आहे, पिशवीभर आणते. येताना चहाचा थर्मास कुणी घेईल का?